एन्व्ह व्हेरिएबल ‘वाचलंच जात नाही’: नोड सर्व्हरवर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, आणि एन्व्ह व्हेरिएबल म्हणजे पोर्ट, पासवर्ड यांसारखी कोडबाहेरून दिलेली सेटिंग. तिच्याबद्दलची तक्रार नेहमी एकाच सुरात येते. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. सर्व्हरवर चढवलं की पोर्ट भलताच निघतो, डीबग बंद करूनही चालूच राहतं, डेटाबेस म्हणतो पासवर्ड चुकला, आणि लॉगिन झालेला युजर चार सेकंदांत बाहेर फेकला जातो. मग .एन्व्ह फाइलमधल्या व्हॅल्यू वाचणारं डॉटएन्व्ह पॅकेज काढून परत टाकलं जातं, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उडवलं जातं, सर्व्हर दोनदा रीस्टार्ट होतो. फरक शून्य, कारण दोष तिथे नसतोच.

प्रश्न दोनपैकी एक असतो. व्हॅल्यू प्रोसेसपर्यंत (म्हणजे चालू प्रोग्रॅमपर्यंत) पोहोचलीच नाही, किंवा पोहोचली पण कोडने तिचा वेगळाच अर्थ लावला. दोन्हींचे उपाय अगदी निराळे आहेत, त्यामुळे आपला प्रश्न यातला कोणता ते ठरवल्याशिवाय काहीही बदलू नका.

(खाली कमांड, फ्लॅग आणि व्हेरिएबलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगमध्येच टाइप करायची, आकडेही तसेच.)

आधी अवतरणांत छापून बघा

प्रोसेस.एन्व्ह (नोड जिथे सगळी एन्व्ह व्हेरिएबल ठेवतं तो ऑब्जेक्ट) मधली व्हॅल्यू नुसती कन्सोल.लॉग केली तर शेवटची स्पेस, न्यूलाइन, कॅरेज रिटर्न यातलं काहीच दिसत नाही. तीच व्हॅल्यू जेसन.स्ट्रिंगिफाय मधून काढून छापा. मग जे दिसेल त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. अवतरणांशिवाय ‘अनडिफाइंड’ आलं तर व्हॅल्यू पोहोचलीच नाही. नुसती रिकामी अवतरणं आली तर व्हेरिएबल आहे, पण त्यात काही नाही. हा दोन्हींच्या मधला आणि सगळ्यात फसवा प्रकार. शब्दाच्या शेवटी स्पेस, उलटी तिरपी रेघ आणि एन किंवा आर, किंवा अवतरणांच्या आत आणखी अवतरणं दिसली, तर व्हॅल्यू पोहोचली आहे पण वाटेत काहीतरी चिकटवून घेऊन.

पासवर्ड आणि टोकन असे छापू नका. लॉग कुठे कुठे साठतात याचा भरवसा नसतो. त्यांची फक्त लांबी छापा. २४ अक्षरांचा पासवर्ड २५ भरला की निदान तिथेच झालं.

लिनक्सवर आणखी एक पक्की जागा आहे: प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या आयडीखाली ‘एन्व्हायरॉन’ नावाची फाइल असते. प्रोसेस सुरू होताना तिला बाहेरून काय मिळालं ते त्यात असतं. नोंदी शून्य बाइटने तोडलेल्या असतात, म्हणून ‘टीआर’ कमांडने त्या जागी न्यूलाइन घालून वाचा. डॉटएन्व्हने नंतर भरलेल्या व्हॅल्यू या फाइलमध्ये दिसत नाहीत, आणि तोच तिचा फायदा: बाहेरून काय आलं आणि फाइलमधून काय आलं हे वेगळं कळतं. डॉकरमध्ये (ॲप कंटेनर नावाच्या बंदिस्त खोक्यात चालवणारं साधन) ‘एक्झेक’ करून ‘प्रिंटएन्व्ह’ चालवणारे एक गोष्ट विसरतात. ती कमांड नवी प्रोसेस उघडते आणि तिला कंटेनरचं मूळ एन्व्ह मिळतं. कंटेनर सुरू होताना चालणाऱ्या एंट्रीपॉइंट स्क्रिप्टने एक्स्पोर्ट केलेलं त्यात नसतं. खरं बघायचं तर कंटेनरच्या आत नोडच्याच प्रोसेसची (बहुधा क्रमांक १) एन्व्हायरॉन फाइल वाचा.

पोहोचलीच नसेल तर

पहिला संशयित म्हणजे चालू फोल्डर. डॉटएन्व्ह आपल्या जेएस फाइलच्या शेजारी .एन्व्ह शोधत नाही. प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली तिथे शोधतं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिसमध्ये वर्किंग डिरेक्टरी दिली नसेल तर ते फोल्डर म्हणजे थेट रूट. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) युजरचं होम. आणि फाइल सापडली नाही तरी डॉटएन्व्हचं कॉन्फिग फंक्शन एरर फेकत नाही, परत दिलेल्या ऑब्जेक्टमध्ये ‘एरर’ ठेवून गप्प बसतं. तो एरर कुणीच तपासत नाही. फाइलचा पूर्ण पाथ द्या, किंवा नोडची स्वतःची सोय वापरा: नोड २०.६ पासून ‘--एन्व्ह-फाइल’ हा फ्लॅग आहे आणि फाइल नसेल तर तो सरळ थांबतो. नसली तरी चालेल असं हवं असेल तर २२.९ पासून ‘--एन्व्ह-फाइल-इफ-एक्झिस्ट्स’ आहे. नवीन प्रोजेक्टमध्ये निव्वळ .एन्व्ह वाचण्यासाठी वेगळं पॅकेज लावायची आता गरज उरलेली नाही.

दुसरा: फाइल बदलली तरी जुनीच व्हॅल्यू. डॉटएन्व्ह आणि नोडचा फ्लॅग, दोघांचाही नियम एकच: व्हेरिएबल आधीपासून एन्व्हमध्ये असेल तर फाइलमधलं दुर्लक्षित. महिन्याभरापूर्वी बॅशआरसीमध्ये (शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) घातलेली एक्स्पोर्टची ओळ इथे आडवी येते. व्हेरिएबल आधीच रिकामं सेट असेल तरी ते ‘आहे’ असंच धरलं जातं, म्हणजे फाइलमध्ये बरोबर व्हॅल्यू असून कोडला रिकामी स्ट्रिंग मिळते. डॉटएन्व्हला ‘ओव्हरराइड’ ट्रू देऊन हे उलटवता येतं, पण प्रॉडक्शनवर तसं करू नये. तिथे प्लॅटफॉर्मने दिलेलीच व्हॅल्यू जिंकली पाहिजे. नाहीतर चुकून इमेजमध्ये शिरलेली एखादी .एन्व्ह फाइल खऱ्या डेटाबेसचा पत्ता बदलून टाकेल.

तिसरा संशयित ईएस मॉड्यूलचा (जावास्क्रिप्टची इम्पोर्टवाली नवी पद्धत). वर डॉटएन्व्ह इम्पोर्ट, खाली कॉन्फिगचा कॉल, त्याखाली डीबी फाइलचा इम्पोर्ट, हा क्रम वाचायला बरोबर वाटतो. पण ईएस मॉड्यूलमध्ये सगळे इम्पोर्ट आधी चालतात आणि मग बाकीच्या ओळी. डीबी फाइल उघडते तेव्हा कॉन्फिगचा कॉल झालेलाच नसतो, म्हणून कनेक्शनला अनडिफाइंड मिळतं. जुन्या रिक्वायर पद्धतीत हाच क्रम चालायचा, त्यामुळे प्रोजेक्ट ईएस मॉड्यूलवर नेला की हा प्रश्न हमखास उगवतो. उपाय: ‘डॉटएन्व्ह/कॉन्फिग’ हा इम्पोर्ट सगळ्यात पहिल्या ओळीवर, नाहीतर नोड सुरू करतानाच एन्व्ह फाइलचा फ्लॅग. दुसरा उपाय जास्त भक्कम, कारण फॉर्मॅटरने इम्पोर्टचा क्रम बदलला तरी तो मोडत नाही.

मग रीस्टार्टचा घोळ. एन्व्ह प्रोसेसला जन्माच्या वेळी एकदाच मिळतं. नोडच्या प्रोसेस चालू ठेवणारा पीएम२ आधीचं एन्व्ह स्वतःकडे धरून ठेवतो. नुसत्या रीस्टार्टने नवं येत नाही, ‘--अपडेट-एन्व्ह’ जोडावं लागतं. ‘डॉकर रीस्टार्ट’ तोच कंटेनर पुन्हा चालवतं, आणि कंटेनरचं एन्व्ह तो तयार झाला तेव्हाच ठरलेलं असतं. ‘कंपोझ अप -डी’ (कंपोझ म्हणजे एका फाइलवरून कंटेनर उभे करणारं डॉकरचं साधन) केलं तर बदल ओळखून कंटेनर नव्याने बनतो. कुबरनेटीसमध्ये (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) कॉन्फिगमॅप, म्हणजे तिथली सेटिंगची यादी, बदलला तरी त्यातून एन्व्ह घेतलेले पॉड, म्हणजे कंटेनरचे गट, जुन्याच व्हॅल्यूवर राहतात. डिप्लॉयमेंटचं ‘रोलआउट रीस्टार्ट’ करावं लागतं.

कंपोझबद्दल आणखी एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. कंपोझ फाइलच्या शेजारची .एन्व्ह फाइल कंटेनरमध्ये आपोआप जात नाही. ती फक्त कंपोझ फाइलमधल्या डॉलर-महिरपी कंसांच्या जागा भरण्यासाठी असते. कंटेनरला व्हॅल्यू हव्या असतील तर सर्व्हिसखाली ‘एन्व्ह_फाइल’ किंवा ‘एन्व्हायर्नमेंट’ लिहावंच लागतं. आणि जागा भरायला व्हेरिएबल सापडलं नाही तर कंपोझ एक वॉर्निंग देऊन तिथे रिकामी स्ट्रिंग घालतं. गिटहब ॲक्शन्समध्येही तसंच: नसलेल्या सीक्रेटचा उल्लेख केला की एरर नाही, रिकामी स्ट्रिंग. वर ज्याला फसवा प्रकार म्हटलं तो बहुधा या दोन वाटांनी येतो.

सुडोने चालवताना शेलमधलं बरंचसं एन्व्ह गळून पडतं, आणि सिस्टमडी किंवा क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पोहोचली, पण अर्थ चुकला

प्रोसेस.एन्व्ह मधली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग असते, अपवाद नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बहुतेक बग इथेच होतात.

‘फॉल्स’ ही पाच अक्षरांची स्ट्रिंग आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रूदी असते, म्हणजे इफमध्ये खरी धरली जाते. म्हणून इफमध्ये डीबगचं व्हेरिएबल तसंच घातलं की ‘फॉल्स’, ‘०’, ‘नो’ सगळे चालू ठरतात. बूलियन() मध्ये गुंडाळूनही काही बदलत नाही. ‘ट्रू’ शी तिहेरी बरोबरीने तुलना करणं बरं, पण तेही अर्धवटच: कुणी पहिलं अक्षर कॅपिटल केलं, किंवा १ लिहिलं, की फीचर गुपचूप बंद. योग्य रीत म्हणजे ट्रिम करून लोअरकेस करा. ट्रू, १, येस, ऑन यांना होकार. फॉल्स, ०, नो, ऑफ यांना नकार. बाकी काहीही आलं तर सर्व्हर सुरूच करू नका. कंपोझच्या यामल फाइलमध्ये अशा व्हॅल्यू अवतरणांतच लिहा. कुबरनेटीस तर अवतरणांशिवायचा ट्रू किंवा नुसता आकडा नाकारतोच, कारण तिथे एन्व्हची व्हॅल्यू स्ट्रिंगच असावी लागते.

आकड्यांचं जरा सविस्तर बघायला हवं. नंबर() आणि पार्सइंट() वेगवेगळ्या ठिकाणी फसवतात. नंबर() कडक आहे, ‘३०एस’ ला नॅन (‘हा आकडा नाही’ अशी खूण) देतो, पण रिकाम्या स्ट्रिंगला आणि नुसत्या स्पेसला ० देतो. पार्सइंट() रिकाम्याला नॅन देतो, पण ‘३०एस’ मधून ३० उचलतो आणि बाकीचं टाकून देतो. मर्यादा ‘१,००,०००’ अशी स्वल्पविराम घालून कुणी लिहिली तर पार्सइंट() कडून १ मिळतो. लाखाच्या जागी एक, आणि एररचा पत्ता नाही. म्हणून दोघांवरही एकटं विसंबू नका. आधी ट्रिम, मग सगळी अक्षरं अंकच आहेत का हे रेग्युलर एक्स्प्रेशनने तपासा, मग नंबर(), मग किमान-कमाल.

डीफॉल्ट देण्याचा क्रमही महत्त्वाचा. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर (??) फक्त अनडिफाइंड आणि नल पकडतो, रिकामी स्ट्रिंग त्यातून निसटते. दोन उभ्या रेघांचा (||) रिकामी स्ट्रिंगही पकडतो. पण तोच ऑपरेटर आकड्यात बदलल्यानंतर लावला तर खरा शून्यही खातो: रीट्राय ० ठेवले, कोडने ३ केले. नियम असा की रिकामं आहे का ते स्ट्रिंग असतानाच बघायचं, डीफॉल्ट तिथेच ठरवायचा, रूपांतर त्यानंतर.

हे सगळं पोर्टमध्ये एकत्र येतं, म्हणून पोर्टचीच तक्रार सगळ्यात जास्त. सर्व्हरच्या लिसन फंक्शनला काय दिलं की काय होतं ते पाहा. अनडिफाइंड दिलं तर ऑपरेटिंग सिस्टम कुठलाही मोकळा पोर्ट देते, दर वेळी वेगळा. रिकामी स्ट्रिंग नंबर() मधून गेली असेल तर ० बनते, आणि ० चा अर्थही तोच: कुठलाही मोकळा पोर्ट. नॅन दिलं तर ‘एरर सॉकेट बॅड पोर्ट’ येतो. हा त्यातल्या त्यात भला प्रकार. आणि आकडा न होणारी स्ट्रिंग दिली तर? फाइलमध्ये सवयीने शेवटी सेमीकोलन पडला आहे असं समजा:

पोर्ट=३०००;

नोड याला पोर्ट समजत नाही, सॉकेटच्या फाइलचा पाथ समजतं. सर्व्हर सुरू झाल्याचा लॉग येतो, प्रोसेस जिवंत असते, हेल्थ चेक मात्र फेल, आणि ३००० वर कुणीच ऐकत नसतं. लिनक्सवर प्रोसेस जिथून सुरू झाली त्या फोल्डरची लांब यादी काढली तर ‘३०००;’ नावाची सॉकेट फाइल सापडते. म्हणून लॉगमध्ये एन्व्हमधला पोर्ट छापू नका; लिसन झाल्यावर सर्व्हरचं ॲड्रेस() काय सांगतं ते छापा. एक अपवाद ध्यानात असू द्या: अझूरच्या विंडोज ॲप सर्व्हिसवर आयआयएसनोडमागे (विंडोजच्या आयआयएस सर्व्हरला नोड जोडणारं मॉड्यूल) चालताना पोर्ट या व्हेरिएबलमध्ये मुद्दामच नेम्ड पाइपचा पाथ येतो. तिथे आकड्याची सक्ती केली तर चालणारं ॲप बंद पडेल.

कुबरनेटीसवर याचाच एक चुलतभाऊ भेटतो. त्याच नेमस्पेसमध्ये ‘रेडिस’ नावाची सर्व्हिस असेल तर पॉडमध्ये ‘रेडिस_पोर्ट’ हे व्हेरिएबल आपोआप येतं, आणि त्यात ६३७९ नसतं. ‘टीसीपी’ ने सुरू होणारा, आयपी आणि पोर्ट असलेला पूर्ण पत्ता असतो. कोड त्याचा आकडा करायला जातो आणि नॅन मिळतो. पॉड बनताना जी सर्व्हिस अस्तित्वात असते तिचंच व्हेरिएबल येतं, त्यामुळे आज चालणारा पॉड उद्या रीस्टार्ट झाल्यावर अचानक पडतो आणि सगळे कोडमधले ताजे बदल चाळत बसतात. पॉडच्या स्पेकमध्ये ‘इनेबल सर्व्हिस लिंक्स’ फॉल्स करा, किंवा आपल्या व्हेरिएबलला ॲपचं उपपद लावून नाव बदला. स्पेकमध्ये तेच नाव स्वतः दिलं तर आपलीच व्हॅल्यू जिंकते, पण तो आधार डिप्लॉयमेंटमधून कुणी ओळ काढेपर्यंतच.

चार सेकंदांत लॉगआउट

हा वेगळा सांगायला हवा, कारण यात व्हॅल्यू बरोबर, आकडा बरोबर, तरी निकाल चुकीचा. लॉगिनचं टोकन बनवणाऱ्या जेसनवेबटोकन या लायब्ररीत मुदत देताना नंबर ३६०० म्हणजे सेकंद, एक तास. तीच स्ट्रिंग म्हणून दिली आणि एकक नसेल तर ती मिलिसेकंद धरली जाते. एन्व्हमधून ती स्ट्रिंगच येते, म्हणून तासाच्या जागी ३.६ सेकंद. कोडमध्ये आकडा लिहिलेला होता तोवर ठीक चाललं, ‘कॉन्फिग बाहेर काढूया’ म्हणून एन्व्हमध्ये नेलं आणि सगळे युजर बाहेर पडू लागले, असा याचा ठरलेला इतिहास. एकतर नंबर करून द्या किंवा व्हॅल्यूतच एकक लिहा, एका तासासाठी १ आणि लगेच ‘एच’.

सेटटाइमआउट उलट दिशेने फसवतं. त्याला नॅन मिळालं तर ते १ मिलिसेकंद धरतं. ‘३०एस’ असं लिहिलेला रीट्रायचा अवधी नंबर() मधून गेला की अर्ध्या मिनिटाने होणारी विनंती सेकंदाला शेकडो वेळा जाऊ लागते आणि समोरची सेवा तुम्हाला ब्लॉक करते. म्हणून एकक व्हेरिएबलच्या नावातच असावं: ‘टाइमआउट_एमएस’, ‘टोकन_सेकंद’. नाव लांबलं तरी चालेल.

याद्यांचं थोडक्यात: स्वल्पविरामाने तोडल्यावर प्रत्येक तुकडा ट्रिम करा आणि रिकामे गाळा. रिकाम्या स्ट्रिंगवर स्प्लिट केलं तर रिकामा ॲरे मिळत नाही, एक रिकामी स्ट्रिंग असलेला ॲरे मिळतो. कॉर्सच्या (ब्राउझरमधून कोणत्या साइटना आपला सर्व्हर वापरता येईल ते ठरवणारा नियम) परवानगीच्या यादीत ‘काही नाही’ असं सांगायला जावं तर लांबी १ निघते.

एकच ओळ, सहा वाचणारे

‘लोकलला पासवर्ड चालतो, डॉकरमध्ये नाही’ यामागे जवळपास नेहमी हेच असतं. .एन्व्ह फाइलचं सर्वमान्य व्याकरण नाही. प्रत्येक साधन आपापल्या परीने वाचतं. पासवर्डमध्ये मध्येच # आहे आणि पुढे $ व त्याला लागून अक्षरं आहेत, आणि तो अवतरणांशिवाय लिहिला आहे असं धरा.

डॉटएन्व्ह १५ व्या आवृत्तीपासून # नंतरचं सगळं कॉमेंट समजून तोडतं. त्याआधी तोडत नव्हतं, म्हणून पॅकेज अपडेट केल्यावर अचानक पासवर्ड आखूड झाल्याच्या तक्रारी येतात. नोडचा एन्व्ह फाइल फ्लॅगही # ला कॉमेंटच मानतो. ‘डॉकर रन’ चा तसाच नाव असलेला फ्लॅग मात्र ओळीतलं जसंच्या तसं घेतो. कंपोझ # च्या आधी स्पेस नसेल तर तो ठेवतं, पण $ पुढचं नाव व्हेरिएबल समजून भरायला जातं आणि सापडलं नाही की रिकामं सोडतं. बॅशमध्ये फाइल सोर्स केली तरी $ चं तेच होतं. सिस्टमडीची एन्व्हायर्नमेंट फाइल दोन्ही चिन्हं जशीच्या तशी ठेवते, कारण ती शेल नाहीच. त्याच कारणाने तिथे ओळीच्या सुरुवातीला ‘एक्स्पोर्ट’ लिहून चालत नाही.

एकेरी अवतरणं घातली तर डॉटएन्व्ह, नोड, कंपोझ, बॅश आणि सिस्टमडी, सगळे व्हॅल्यू नीट वाचतात. फक्त ‘डॉकर रन’ ती अवतरणं व्हॅल्यूचाच भाग धरतो. म्हणून सल्ला असा: फाइलमध्ये एकेरी अवतरणं, आणि ‘डॉकर रन’ ऐवजी कंपोझ. त्याहून सोपं म्हणजे पासवर्ड बनवतानाच फक्त अक्षरं आणि अंक वापरून ३२ लांबीचा करावा. सुरक्षेत उणं काही पडत नाही आणि हा सगळा परिच्छेद विसरता येतो. डेटाबेसचा पत्ता यूआरएलच्या रूपात असेल तर तेच जास्त लागू. तिथे पासवर्डमधला @ हा %४० आणि # हा %२३ असा लिहावा लागतो, नाहीतर होस्टचं नावच चुकीच्या जागी तुटतं.

अदृश्य अक्षरं

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’ ने नोड_एन्व्ह ला प्रॉडक्शन देऊन पुढे स्पेस, दोन अँपरसँड आणि नोडची कमांड लिहिली की ती स्पेस व्हॅल्यूत जाते. ‘प्रॉडक्शन’ शी केलेली तुलना जुळत नाही आणि ॲप डेव्हलपमेंट मोडमध्येच चालतं. नाव आणि व्हॅल्यू मिळून दुहेरी अवतरणांत घाला किंवा क्रॉस-एन्व्ह वापरा. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ ने बनवलेली .एन्व्ह फाइल यूटीएफ-१६ मध्ये जाते. एडिटरमध्ये ती ठीक दिसते, पण त्यातलं एकही व्हेरिएबल सापडत नाही. विंडोजच्या ओळशेवटांची फाइल लिनक्सवर सोर्स केली की प्रत्येक व्हॅल्यूच्या मागे कॅरेज रिटर्न लागतो. डॉटएन्व्ह तो स्वतः काढून टाकतं, त्यामुळे लोकलला कळत नाही.

कुबरनेटीस सीक्रेटसाठी ‘एको’ ची व्हॅल्यू बेस६४ करणारे शेवटची न्यूलाइनही एन्कोड करतात. लक्षण दोनपैकी एक: पासवर्ड चुकल्याचा एरर, किंवा तीच व्हॅल्यू ऑथोरायझेशन हेडरमध्ये घालताना नोडचा ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर इन हेडर कंटेंट’. ‘एको -एन’ किंवा प्रिंटएफ वापरा, नाहीतर सीक्रेटमध्ये ‘स्ट्रिंगडेटा’ लिहा म्हणजे बेस६४ हाताने करावंच लागत नाही.

प्रायव्हेट कीचं उलटं असतं: तिथे न्यूलाइन हव्या असतात आणि त्या हरवतात. एका ओळीत दाबून बसवलेल्या कीमध्ये खऱ्या न्यूलाइनऐवजी उलटी तिरपी रेघ आणि एन अशी दोन अक्षरं राहतात. नोड १७ पासून यावर ‘डीकोडर रूटीन्स, अनसपोर्टेड’ असा गूढ एरर येतो आणि लोक ओपनएसएसएलच्या आवृत्तीमागे लागतात. ती दोन अक्षरं खऱ्या न्यूलाइनने बदला, एवढंच. डॉटएन्व्हमध्ये दुहेरी अवतरणांत हे आपोआप होतं, एकेरीत होत नाही. त्यापेक्षा अख्खी की बेस६४ करून एका ओळीत ठेवा आणि कोडमध्ये बफरने उलगडा. मग अवतरणांचा प्रश्नच उरत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

प्रोसेस.एन्व्ह हे नाव अख्ख्या कोडमध्ये एकाच फाइलमध्ये दिसलं पाहिजे. ती फाइल सुरुवातीला सगळी व्हेरिएबल वाचते, वर सांगितल्याप्रमाणे तपासते, रूपांतर करते आणि फ्रीझ केलेला ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करते. बाकीचं ॲप तोच वापरतं. पहिल्याच चुकीवर थांबू नका. सगळ्या चुका गोळा करून एकदम छापा, नाहीतर सात व्हेरिएबल चुकली असतील तर सात डिप्लॉय होतात. छापताना नाव आणि अपेक्षा छापा, व्हॅल्यू नको. मग एक्झिट कोड १. एकदाच वाचण्याचा आणखी एक फायदा: प्रोसेस.एन्व्ह हा साधा ऑब्जेक्ट नाही, दर वाचनाला नोडला जावास्क्रिप्टबाहेर जावं लागतं, आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेवर ते जाणवू शकतं.

टोकनच्या गुप्त कीला, डेटाबेसच्या पत्त्याला डीफॉल्ट कधीही देऊ नका. पोर्ट, लॉग लेव्हल, टाइमआउट यांना खुशाल द्या.

तपासणीसाठी झॉड ही लायब्ररी वापरत असाल तर त्याच्या ‘कोअर्स’ वर डोळे मिटून विश्वास नको. कोअर्स बूलियन म्हणजे आतून बूलियन() च, ‘फॉल्स’ चा ट्रू करतं. कोअर्स नंबर रिकाम्याचा ० करतं. झॉड ४ मध्ये याचसाठी ‘स्ट्रिंगबूल’ आलं आहे. नेस्ट या फ्रेमवर्कच्या कॉन्फिग सर्व्हिसमध्ये कंसात बूलियन टाइप लिहिला म्हणून व्हॅल्यू बूलियन होत नाही, टाइपस्क्रिप्टला फक्त तसं सांगितलं जातं. एन्व्हच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावून कंपायलरला गप्प करणं त्याच जातीचं.

नेक्स्ट या फ्रेमवर्कमध्ये ‘नेक्स्ट_पब्लिक’ ने सुरू होणारी व्हेरिएबल ब्राउझरच्या कोडमध्ये बिल्डच्या वेळीच गोठतात. एकच इमेज स्टेजिंग आणि प्रॉडक्शन दोन्हींकडे नेत असाल तर कंटेनरला नवी व्हॅल्यू देऊन ब्राउझरमधली बदलणार नाही. आणि त्या उपपदाखाली गुपित ठेवलं तर ते सगळ्या जगाला दिसेल.

चाइल्ड प्रोसेस आणि टेस्ट

चाइल्ड प्रोसेस सुरू करणाऱ्या स्पॉनला ‘एन्व्ह’ चा पर्याय दिला की तो आधीच्या एन्व्हमध्ये मिसळत नाही, त्याची जागाच घेतो. एक व्हेरिएबल द्यायला गेलं की पाथ गायब होतो आणि कमांड सापडत नाही असा ‘ईनोएंट’ एरर येऊ शकतो. आधी प्रोसेस.एन्व्ह पसरा, मग आपलं जोडा. विंडोजवर इथे आणखी एक खाच आहे: प्रोसेस.एन्व्ह तिथे लहान-मोठी अक्षरं एकच मानतं, पण पसरून केलेली प्रत साधा ऑब्जेक्ट असते आणि त्यात पाथ ज्या स्पेलिंगने आला तसाच शोधावा लागतो. वर्कर थ्रेडला एन्व्हची प्रत मिळते. तिथे केलेला बदल मुख्य थ्रेडला दिसत नाही.

टेस्टमध्ये व्हेरिएबल ‘काढण्यासाठी’ त्याला अनडिफाइंड देणं ही नेहमीची चूक. व्हॅल्यू स्ट्रिंगच असावी लागते म्हणून तिथे ‘अनडिफाइंड’ हा शब्द साठतो, ट्रूदी ठरतो, आणि त्यानंतरच्या टेस्ट क्रमानुसार कधी पास कधी फेल होतात. डिलीट वापरा. आणि कॉन्फिगची फाइल एकदाच वाचते हे धरून, तपासणीचं फंक्शन एन्व्हचा ऑब्जेक्ट आर्ग्युमेंट म्हणून घेईल असं लिहा. मग टेस्टमध्ये खऱ्या एन्व्हला हात न लावता रिकामी स्ट्रिंग, स्पेस, सेमीकोलन आणि ‘३०एस’ हे चारही सरळ देऊन बघता येतात.